कोरी बाटली

१५ ऑक्टोबर १९९६

आईने शेवटी तिचंच खरं केलं. 'एकटी पोरगी, परका ड्रायव्हर आणि नदीचा काठ. मी नाही पाठवणार,' हे आठवडाभर चाललं होतं. काल विहारात तिला कन्हेरीच्या कुशाबाई भेटल्या आणि तिने तिथल्या तिथे त्यांना माझ्याबरोबर फिरायला कबूल करून टाकलं. मला विचारायची पद्धत आमच्या घरात नाही.

पण खरं सांगायचं तर मला माणूस हवंच होतं. पुण्याहून मदतीला आलेला मुलगा नोकरी लागताच पळाला, आणि हे काम एकटीचं नाही. नदीच्या पाण्यातला पारा मोजायचा, आणि तो असलाच तर इतका किंचित असतो की माणसाच्या हातावरचा, कपड्यावरचा कण जरी त्यात गेला तरी आकडा वाया. म्हणून दोघं लागतात. एकाने फक्त बाटलीला हात लावायचा. दुसऱ्याने बाकी सगळ्याला, म्हणजे दोरी, पेटी, बाटलीवरची बाहेरची पिशवी. इंग्रजी पुस्तकात पहिल्याला 'स्वच्छ हात' म्हटलंय आणि दुसऱ्याला 'घाणेरडे हात'. आता हे कुशामावशींना कोणत्या तोंडाने सांगू? मी म्हटलं, 'मी बाटलीवाली, तुम्ही पेटीवाली.'

'पेटीवाली ब्येस हाय,' म्हणाल्या. 'भजनात पेटी वाजवायची लई हौस हुती मला.'

बाई पन्नाशीच्या असतील. बोलतात फार. दिवसभर जीपमध्ये हे ऐकायचं आहे.

२२ ऑक्टोबर

मावशींबरोबरची पहिली फेरी. कऱ्हाटीला कऱ्हा नदी, कन्हेरीजवळ कालवा, निमगाव केतकीला ओढा आणि शेवटी उजनी धरणाच्या फुगवट्याचं पाणी. कंबर मोडली.

फुगवट्याच्या कडेचं पाणी बाटलीत घेतलं की फिक्या कोऱ्या चहासारखं दिसतं. बुडालेली झाडं, पाला, शेतं कुजून पाण्यात विरघळलेली असतात. पारा त्या विरघळलेल्या कुजीला चिकटतो आणि तिच्याबरोबर कुठून कुठे जातो, हा आमच्या सरांचा प्रश्न. म्हणजे दोन वर्षांपासून माझाही.

मावशी काठावर बसून बघत होत्या. 'एवढं उन्हातानात हिंडून पानी भरायचं, बर्फात घालायचं, पुण्याला न्यायचं, आन पिनार कोनच न्हाय?'

'नाही.'

'मंग कुनासाटी?'

संभाजी, म्हणजे आमचा ड्रायव्हर, जीपमधून म्हणाला, 'डिगरीसाटी, मावशी.' फाजील आहे, पण चूक नाही.

मावशींच्या नखांच्या कडा गुलाबी दिसल्या. सुनेचं नेलपेंट लावून बघितलं काय, असं मी चिडवलं. त्या हसल्या आणि हात पदराखाली घेतले. हातमोजे घालायला त्यांना वेळ लागतो. एकेक बोट दातांनी ओढून बसवतात. दात लावायचे नाहीत, हे पुढच्या वेळी सांगायला हवं.

२ नोव्हेंबर

सरांचा फोन आला. म्हणजे निरोप आला आणि मी एसटी स्टँडसमोरच्या बूथवरून केला. आवाजावरूनच कळलं.

कोऱ्या बाटलीत पारा निघाला.

कोरी बाटली म्हणजे प्रयोगशाळेतलं शुद्ध पाणी. आम्ही ते पुण्याहून इथे आणतो, नदीकाठी उघडतो, दुसऱ्या बाटलीत ओततो, बंद करतो आणि बाकीच्या नमुन्यांबरोबर परत पाठवतो. तिच्यात काहीच निघायला नको. निघालं तर ते पाण्यातलं नाही, आपण घातलेलं. मग त्या दिवशीचे सगळे नमुने फेकायचे. कऱ्हाटी, कन्हेरी, निमगाव, सगळे.

सर रागावत नाहीत, तेच वाईट. शांतपणे म्हणाले, 'करुणा, उन्हाळ्यातल्या फेऱ्या एकट्या पुरत नाहीत. फेब्रुवारीच्या आत मला निदान दोन फेऱ्या कोऱ्या बाटलीसकट स्वच्छ दे. नाहीतर पुढची मंजुरी मी कोणत्या तोंडाने मागू?' मंजुरी नाही तर माझी जागा नाही, जागा नाही तर पीएचडी नाही. फलटणच्या स्थळाचा फोटो आईने कपाटात ठेवलेलाच आहे. माणूस बरा दिसतो. मला तो बघायचा नाही.

९ नोव्हेंबर

आज दुसरी फेरी, पण आधी संशयितांची चौकशी केली. बर्फ तपासला. पेटी तीनतीनदा धुतली. मग संभाजीला म्हटलं, तंबाखू बंद.

'मॅडम, मी जीपमदी बसून खातो. पान्यापासून एवढा लांब! माजी तंबाखू काय उडत जाती?'

'हाताला असते ना.'

'मी कुटं हात लावतो? तुमीच लावू देत न्हाय. परवा पेटी उचलाय आलो तर वसकन आंगावर आला.'

हे खरं होतं. मावशी गालात हसत होत्या. वाटेत एका गुऱ्हाळावर चहा मिळाला, त्यांनी कपबशीतला निम्मा सांडला. हल्ली त्यांचा हात जरा थरथरतो, चेहराही सुजल्यासारखा दिसतो. परातीत गूळ होता, तो नको म्हणाल्या, तोंडात तांब्याची भांडी चाटल्यासारखं होतंय म्हणे. आईला घरी येऊन सांगितलं तर म्हणाली, 'वय झालं तिचं. माझंही होतंय, तुला दिसत नाही ते.' मग तासभर माझंच ऐकावं लागलं.

१९ नोव्हेंबर

परत तेच. कोऱ्या बाटलीत गेल्या वेळेपेक्षा जास्त.

बूथवाल्याने पाणी विचारलं. मी रडत होते असं त्याला वाटलं असावं. मी रडत नव्हते, मला राग आला होता, पण माझं दोन्ही एकसारखंच दिसतं.

सरांनी एक विचित्र प्रश्न विचारला. दातात चांदी भरलेली आहे का? आहे. बारावीत असताना भरलेली, उजवीकडची दाढ. सर म्हणाले, त्या चांदीत निम्मा पारा असतो आणि तो श्वासातून किंचित किंचित बाहेर पडतो. बाटलीवर वाकून तू श्वास सोडत असशील.

मी जीपमध्ये बसले आणि तोंड मिटून घेतलं. मावशींना घरी सोडायला कन्हेरीपर्यंत गेलो, मी एक शब्द बोलले नाही. मावशींना वाटलं मी त्यांच्यावर रागावले. उतरताना म्हणाल्या, 'माजं काय चुकलं का, ताई?' मी नुसती मान हलवली. हा सगळा पारा माझ्याच तोंडात होता!

२३ नोव्हेंबर

दाढ काढली.

डॉक्टर म्हणाले, 'अहो, चांगली दाढ आहे, आणखी वीस वर्षं चालेल.' मी म्हटलं, काढा. चांदी काढून सिमेंट भरतो म्हणाले, तेही नको म्हटलं. पुन्हा चार महिन्यांनी संशय नको. आईने कपाळावर हात मारून घेतला. 'लग्नाला उभी असलेली पोरगी दात पाडून घेते! पाण्यासाठी!' गाल सुजून पाव झालाय. फलटणवाले आज आले असते तर प्रश्नच मिटला असता.

दुखतंय. बाकी लिहवत नाही.

१७ डिसेंबर

स्वच्छ! कोरी बाटली कोरी!

सर फोनवर हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदा ऐकलं. 'तुझी दाढच गुन्हेगार, करुणा. एक फेरी झाली, आता आणखी एक दे.' म्हणजे ती दाढ मी फुकट घालवली नाही. आईला हे सांगितलं, तिने फक्त 'हं' केलं.

फेरीच्या दिवशी सगळं जुळून आलं होतं. थंडी छान होती, पाणी संथ. मावशीही खुशीत होत्या. सध्या उसाच्या लावणीचं काम नाही, महिनाभर घरीच आहेत. चेहऱ्यावरची सूजही उतरली आहे. निमगावच्या बाजारात आम्ही भेळ खाल्ली, तर दोन पुडे संपवून म्हणाल्या, 'आता कसं ग्वाड ग्वाड लागाय लागलंय.' थंडीत भूक लागतेच. चहाही न सांडता प्यायल्या. मी म्हटलं, माझ्या दाढेबरोबर तुमचंही दुखणं गेलं.

त्यांच्या आनंदाचं खरं कारण परतताना कळलं. सुनेला दिवस गेलेत. नकोशी नाव तिचं. आईबापांना चौथी मुलगी नको होती म्हणून ठेवलेलं. मावशी म्हणतात, 'आमाला हवीशी हाय. पाच वर्सांनी पाळना हलनार.' नाव बदला की, म्हटलं, तर म्हणाल्या, 'रेशनकार्डावर तेच हाय.'

आज खूप दिवसांनी दमल्यासारखं वाटत नाही.

२१ जानेवारी १९९७

उत्साह दोन दिवसही टिकत नाही माझा. आजची फेरी नुसती फरफट झाली.

मावशी घरी नव्हत्या, शेतावरून परस्पर कालव्यावर आल्या. सुरू उसाची लावणी चालू झाली आहे. लुगडं ओच्यापर्यंत भिजलेलं, धाप लागलेली. मोजे घालता घालता एक फाटला. बाहेरच्या पिशवीची गाठ त्यांना सुटेना, हात असा थरथरत होता की बघवेना. संभाजी सहज म्हणाला, 'मावशी, देवी आली का काय आंगात?' तर त्याच्यावर इतक्या ओरडल्या की तो जीपमध्ये जाऊन बसला. त्या अशा नव्हत्या. मग स्वतःच रडल्या.

मी समजूत घालायला हवी होती. मी म्हटलं, 'मावशी, बर्फ वितळतोय, लवकर करा.'

नखं परत गुलाबी. सुनेचे लाड चाललेत वाटतं.

३० जानेवारी

इतका पारा आजपर्यंत एकाही कोऱ्या बाटलीत निघाला नव्हता. सर म्हणाले, यंत्राची सुई वर जाऊन अडकली, पुढचे दोन दिवस यंत्र धुण्यात गेले.

आता दाढही नाही उरलेली.

आम्लाने धुतलेल्या बाटल्यांचा एकच संच शिल्लक आहे. जीप १८ फेब्रुवारीला मिळेल, त्यानंतर ती दुसऱ्या प्रकल्पाला जाणार. 'ती शेवटची फेरी,' सर म्हणाले. 'माणसं तपास. तुझ्याबरोबर आहे कोण?'

कोण आहे? एक तंबाखू सोडलेला ड्रायव्हर आणि एक म्हातारी. मावशींना काढून टाकावं असं मनात आलं. हात थरथरतो, पिशव्या नीट धरत नाहीत. आईला काय सांगू हा प्रश्न आहे. पण माझं दोन वर्षांचं काम आईच्या मैत्रिणीसाठी बुडवू काय?

३ फेब्रुवारी

हे नीट लिहायला हवं.

मावशींना 'आता येऊ नका' सांगायला सकाळच्या एसटीने कन्हेरीला गेले. घरी नकोशी होती. 'आत्या आबासायबांच्या रानात हायत, बेन्यावर.' आबासाहेब गावातले मोठे बागायतदार, आणि बेणं म्हणजे लावणीसाठी तोडलेले उसाचे तुकडे, एवढं मलाही माहीत आहे. बांधाबांधाने गेले.

एक मोठं पिंप, त्यात गुलाबी पाणी. मावशी त्याच्यापाशी पाट टाकून बसलेल्या. पाटीभर कांड्या पिंपात लोटायच्या, हाताने खाली दाबून धरायच्या, मग कोपरापर्यंत हात घालून बाहेर काढायच्या. निथळतं पाणी मांडीवर, लुगड्यावर. अधूनमधून त्याच हाताने घाम पुसत होत्या. शेजारी औषधाचा डबा. डब्यावर कवटी, खाली बारीक इंग्रजीत नाव. त्या लांबलचक नावाच्या मधोमध 'मर्क्युरी', म्हणजे पारा होता.

मी ते नाव तीनदा वाचलं. कन्हेरीच्या कालव्यापासून ते रान दगड फेकण्याच्या अंतरावर आहे. मी दोन वर्षं त्या कालव्यात पारा शोधतेय.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावणी होती. डिसेंबरात नव्हती. जानेवारीत परत. माझी दाढ बिचारी निरपराध होती.

'ताई, तुमी हितं कशा?' मावशी उठायला लागल्या आणि हात पुढे केला. मी मागे सरकले. मागे सरकले आणि म्हणाले, 'मावशी, तुमच्या हातानेच माझं पाणी नासत होतं.'

हे वाक्य माझ्या तोंडून निघालं. माझ्या.

मावशींनी हात हळूच मागे घेतला. मग खाली बघत म्हणाल्या, 'माज्या सासूला इहिरीवर असंच म्हनायचे लोक. तवा तुमच्या आजीला बी म्हनत असतील.'

मी औषधाचं सांगायला लागले, पारा, कोरी बाटली, सगळं एका दमात. कुणाच्या हातांबद्दल मी तसं बोलत नाहीये, ह्या डब्याबद्दल बोलतेय, हे विष आहे, तुमचा हात थरथरतो तो ह्यानेच. रानातल्या बाकीच्या बायका काम थांबवून ऐकत होत्या. मावशी म्हणाल्या, 'व्हय ताई. समजलं. मी न्हाय येत पेटीवर.' आणि पाटी उचलून पिंपात लोटली.

त्यांना एवढंच समजलं. मी सांगितलंही तेवढंच होतं, आधी.

घरी येऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, 'शिकलेल्यांनी तरी जपून बोलावं.' तिचं म्हणणं मला लागलं. अजून लागतंय.

७ फेब्रुवारी

तीन दारं ठोठावली.

आबासाहेब भले गृहस्थ आहेत. चहा दिला, खुर्ची दिली. 'बाई, बेनं न बुडवता लावलं तर कूज येती, सगळा फड बसतो. आजची गोष्ट न्हाय ही. सरकारमान्य आवशध हाय, दुकानात मिळतं, सगळा मुलूख वापरतो. मी सोता काडीनं कालवतो. मला काय झालं?'

'तुम्ही काडीने कालवता, आबासाहेब. त्या हाताने दाबून धरतात.'

'मग तिला सांगा काडी घे म्हनून! मी कुटं न्हाय म्हनतो?' काडीने पाटीभर कांड्या निघत नाहीत हे त्यांना माहीत आहे, मलाही. उरलेलं पाणी कुठे टाकता विचारलं, तर पाटात, म्हणाले. पाट कालव्याला मिळतो की नाही ते आता मी सिद्ध करू शकत नाही. खरा आकडा आणि खोटा आकडा एकाच डब्यातून आले आणि एकमेकांत मिसळले.

मग मावशींना बारामतीच्या डॉक्टरांकडे नेलं. आईने नेलं म्हणायला हवं, माझ्याबरोबर त्या आल्या नसत्या. डॉक्टरांनी डोळे बघितले, पाय दाबून सूज बघितली, अशक्तपणा लिहिला, लोहाच्या गोळ्या दिल्या. मी पारा म्हटलं तर माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच पेशंट.

तिसरे सर. त्यांना वाटलं मी आनंदाची बातमी द्यायला फोन केलाय. 'सापडलं ना कारण! शाब्बास. बाईला बदल, ड्रायव्हरला शिकव, अठराला फेरी कर.' मी विचारलं, कुशाबाईंच्या लघवीचा नमुना पाठवला तर आपलं यंत्र मोजेल का? म्हणाले, 'मोजेल. पण करुणा, आपला प्रकल्प पाण्याचा आहे. आधी तो वाचू दे. मग बघू.'

सर वाईट नाहीत. आबासाहेबही नाहीत. डॉक्टर तर नाहीतच. मला दिवसभर एकही वाईट माणूस भेटला नाही, आणि मी इतकी दमले आहे की चप्पल काढायला वाकवत नाही.

१२ फेब्रुवारी

मावशींना परत भेटले. माफी मागितली, सरळ पायांना हात लावून. त्यांनी मला उठवलं आणि 'जाऊ द्या वो ताई' म्हणाल्या. चहा दिला, कप जमिनीवर ठेवून सरकवला, माझ्या हातात दिला नाही. मी म्हटलं, पिंपावर बसू नका, एवढं माझं ऐका. त्या 'बरं' म्हणाल्या. इतक्या पटकन म्हणाल्या की मला बरं वाटलं नाही. नकोशी दारात बसून शेंगा फोडत होती. पोट आता दिसतं तिचं.

संभाजीला मोजे घालायला शिकवतेय. 'मॅडम, हे तर आपरेशनच झालं,' म्हणाला. शिकतो पटकन.

१८ फेब्रुवारी

आज शेवटची फेरी.

सकाळी आंघोळ, धुतलेला अंगरखा, केस बांधून टोपी. मी बाटलीवाली, म्हणून घरापासून कशालाच हात लावला नाही. जीपचं दारही संभाजीने उघडलं. त्याने आज तंबाखूची पुडी घरीच ठेवली होती. दोन्ही हात मांडीवर ठेवून मी नव्या नवरीसारखी बसले होते. पाठीमागे पेटी, पेटीत बर्फ, बर्फात कोरी बाटली.

कालव्याकडे जाणारा रस्ता आबासाहेबांच्या रानाला लागून आहे. बघायचं नाही असं ठरवलं होतं. बघितलं.

पिंपापाशी नकोशी बसली होती.

मावशी जरा लांब, बांधावर, कोयत्याने कांड्या तोडत होत्या. जीप बघून त्यांनी हात वर केला आणि खुशीत ओरडल्या, 'ताई, सोडलं बरं का मी! तुमी म्हनला तसं. आवशधाला बोट बी लावत न्हाय. बसल्या कामाची जागा जाऊ द्यायची न्हवती म्हनून सुनंला बशिवलंय!'

मी संभाजीला थांब म्हटलं की नाही, आठवत नाही. दार मीच उघडलं एवढं आठवतं. 'मॅडम, हात! हात!' तो मागून ओरडत होता. मी बांध उतरले. नकोशीचे दोन्ही हात पिंपात होते. मी पिंपात हात घालून तिचे हात धरले आणि तिला वर ओढलं. गुलाबी पाणी माझ्या अंगरख्यावर, तोंडावर. पोरगी घाबरून रडायला लागली. तिला तशीच पाण्याच्या मोटारीच्या पाइपाशी नेली आणि साबण मागून तिचे हात धुतले, कोपरापर्यंत, नखांच्या आतून, परत परत. तिचे धुतले आणि मग तिच्या पोटावर ओलं झालेलं लुगडं धुतलं. पाणी लांब खड्ड्यात जाईल असं बघितलं, एवढं भान होतं.

संभाजी येऊन उभा राहिला. हळूच म्हणाला, 'मॅडम, आता तुमी पेटीवाल्या व्हा, मी बाटली भरतो. न्हायतर साबणानं हात धुवा. कुनाला कळतंय?'

कुणालाच कळलं नसतं, फक्त कोऱ्या बाटलीला कळलं असतं. माझ्या अंगावर, केसांवर, सगळीकडे ते औषध होतं. ह्या कपड्यांनी मी जीपमध्ये बसले तरी पेटी वाया. मी म्हटलं, 'नाही, संभाजी. फेरी झाली.'

मावशी कोयता घेऊन तशाच आल्या होत्या. माझ्या अंगरख्याकडे बघत होत्या. सकाळपासून जिने कशाला शिवायचं नाही ती मी, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत? चार महिने माझ्या बाटलीला वारासुद्धा लागू नये म्हणून त्या वाऱ्याच्या बाजूला पदर धरून उभ्या राहिल्या आहेत.

'आज शेवटची हुती न्हवं तुमची?'

'हो.'

'आता बाटल्या न्हाय भरनार?'

'नाही भरणार.'

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. 'तुमी तुमच्या बाटल्या सोडल्या,' म्हणाल्या, 'म्हंजी एवढं वाईट हाय व्हय ते?'

'व्हय मावशी,' मी म्हटलं. 'एवढं वाईट हाय.'

त्यांनी कोयता खाली टाकला आणि नकोशीचे ओले हात स्वतःच्या थरथरत्या हातांत घेतले. उलटसुलट करून बघितले, वास घेतला. तिकडे पिंपावरची जागा रिकामी बघून लावणीवरचीच एक बाई, शकुबाई, पाट सरळ करत होती. मावशी तिथूनच गरजल्या, 'शके, उठ तितनं! बसू नगंस! आदी ह्या ताई काय म्हंत्यात ते ऐक.'

शकुबाई उठली. आणखी तिघीचौघी आल्या. बांधावर बसल्या आणि माझ्याकडे बघायला लागल्या. मी सुरुवातीपासून सांगायला लागले. ह्या वेळी हातांपासून नाही, डब्यापासून. आबासाहेब आले, तेही उभे राहून ऐकत होते, मग म्हणाले काम खोळंबतंय. कोणी उठलं नाही. माझं बोलून होईपर्यंत पेटीतला सगळा बर्फ वितळला होता.

सरांना फोन उद्या करीन. आज त्राण नाही.